फक्त हलका स्वयंपाक

कोह बून तिओंग यांनी निवृत्तीनंतर तोआ पायोह वसाहतीतल्या राहत्या सरकारी घरातली एक खोली भाड्याने देण्याचे ठरवले. खोली तयार होती, नियमावली तयार होती. अडचण एवढीच होती, की खोलीत माणूस ठेवावा लागणार होता.

जाहिरातीत त्यांनी इतर घरमालकांप्रमाणेच लिहिले : ‘फक्त हलका स्वयंपाक.’ नोकरीसाठी इपोह शहरातून आलेला इलंगोवन खोली बघायला आला. तो लिफ्ट दुरुस्तीचे काम करी.

“अंकल, उकडलेलं अंडं चालेल?”

“किती?”

“एक.”

“एक हलकं. दोन झाली की जेवण होतं.”

“आणि फोडणी?”

आतून पत्नी सिऊ लान कडाडल्या, “फोडणी? अहो, ह्याला आधी लिफ्ट दाखवा, खाली जायची!”

इलंगोवनने तरीही खोली घेतली. मग नियम वाढत गेले, आणि प्रत्येक नियमामागे कारण होते. किटलीच्या वाफेने कपाट फुगते, म्हणून गरम पाणी बंद. आंघोळीने नळ झिजतो, म्हणून ती कामावरच उरकून यावी. कूस बदलताना पलंग करकरतो, म्हणून कोणत्या कुशीवर झोपायचे ते आडवे होण्यापूर्वी ठरवावे. इलंगोवनने सगळे मान्य केले आणि शेवटी चुलतभावाकडे सतरंजी टाकली. कंपनीला नोंदलेला पत्ता हवा होता, म्हणून बॅग तेवढी खोलीत ठेवली. भाडे वेळेवर येई.

“भाडेकरू असावा तर असा,” बून तिओंग कॉफीच्या दुकानात सांगत. “नळ नाही, पंखा नाही, आवाज नाही.”

“मग आहे काय?” शेजारच्या लिम यांनी विचारले.

“भाडेकरू!”

एके दिवशी गृहनिर्माण खात्याच्या तपासनीस नूर हयाती दारात उभ्या राहिल्या. त्यांनी खोली उघडून पाहिली.

“इथे माणूस राहत नाही. बॅग राहते.”

“स्वभावाने शांत आहे,” बून तिओंग म्हणाले.

“बॅगेला खोली देता येत नाही. नुसता पत्ता भाड्याने देणं हा गुन्हा आहे. सोमवारी परत येईन. माणूस राहत असल्याची खूण दिसली नाही, तर घर खात्याकडे जमा होईल.”

बून तिओंग धावतच इलंगोवनच्या चुलतभावाकडे गेले. “चल बाबा घरी. मासळी तळ, सांबार कर, काय हवं ते कर!”

“अंडी किती, अंकल?”

“डझनभर उकड!”

मागोमाग धापा टाकत आलेल्या सिऊ लान म्हणाल्या, “आणि बाळा, आंघोळ कर. दोनदा कर.”

सोमवारी जिन्यापर्यंत मोहरीचा वास आला होता. खुर्चीवर ओला टॉवेल होता, ओट्यावर खरकटे पातेले होते. नूर हयातींनी मान डोलावली.

“भाडेकरू राहतो. शंकाच नाही.” नवराबायकोंनी सुस्कारा सोडला. “आता मालकांचं बघू. खोली भाड्याने देणाऱ्या मालकाने स्वतःही इथेच राहायला हवं.”

“आम्ही बावीस वर्षं इथेच राहतोय!”

“सोफ्यावर प्लास्टिक कशाला?”

“नवा राहावा म्हणून.”

“कपबश्यांवर अजून किमतीच्या चिठ्ठ्या आहेत.”

“त्या पाहुण्यांसाठी आहेत.”

“पाहुणे कधी आले होते?”

“बोलावत नाही,” सिऊ लान म्हणाल्या. “कप फुटतात.”

नूर हयातींनी दिवाणखाना पुन्हा एकदा पाहिला. “कोणी राहत असल्याची खूण एवढीच. टॉवेल त्याचा, पातेलं त्याचं.”

इलंगोवनला राहवले नाही. “मॅडम, राहतात की. मी कानांनी ऐकलंय. सारखं ‘नको, नको’ म्हणत असतात.”

“आवाज पुराव्यात धरत नाहीत,” असे म्हणून त्यांनी शेरा लिहिला : भाडेकरू राहतो, मालक आढळले नाहीत. मग मालकांना त्यांनी आठवड्याची मुदत दिली. “तेवढ्यात राहून दाखवा.”

त्या गेल्यावर सिऊ लान यांनी सोफ्यावरचे प्लास्टिक ओढून काढले. खालचे कापड इतके कोरे होते, की त्यावर बसायचा दोघांनाही धीर होईना. इलंगोवन मात्र बसला.

वाचकहो, पुढची तपासणी तुमच्या मजल्यावर आहे, असे ऐकतो. तेव्हा नीट टेकून बसा, आणि शोकेसमधला तो कप काढून त्यात चहा घ्या. किमतीची चिठ्ठी तेवढी आधी सोला; ती पुराव्यात धरतात.