कानाच्या पाळीइतकी मऊ

आमच्या शेजारचे पेंडीचे अप्पा कुणाकडे जेवायला बसले की पहिला घास तोंडात घालून डोळे मिटायचे, सावकाश चावायचे आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं सांगायचे, "याला मासा येणार की!" नाहीतर, "याला येणार न्हाय."

माझ्या नणंदेच्या लग्नात त्यांनी पुरणपोळीचा तुकडा मोडला, आतलं पुरण दोन बोटांत दाबलं आणि मान हलवली. "पुरण ढिलं हाय. गळावर टिकणार न्हाय." ऐन मांडवात, वरपक्षाच्या देखत! सासूबाई त्या दिवसापासून त्यांना अप्पा म्हणेनाशा झाल्या. 'तो मासेवाला' म्हणायच्या.

आता गंमत ऐका. हा मासेवाला जातीचा लिंगायत. मासा राहू द्या, अंडं फुटलेल्या रस्त्यावरून चालायचा नाही. रोज इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाणी नाही. मंगळवार पेठेत गुरांच्या पेंडीचं दुकान, म्हणून पेंडीचे अप्पा. अंगात शेंगदाण्याच्या पेंडीचा वास इतका मुरलेला की ते जिन्यात आले की आमची गाय हंबरायची. घरात एकटे. लग्न केलं नव्हतं, का ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

आणि वेड कशाचं, तर गळ टाकून मासे धरायचं! धरायचे आणि सोडून द्यायचे. मठातल्या म्हाताऱ्यांनी एकदा त्यांना बसवून विचारलं, "अरे, खायचा नाही तर धरतोस कशाला?" तर हे म्हणाले, "तुमी पत्ते खेळता, ते काय खाता व्हय?" म्हातारे रोज दुपारी पत्ते खेळायचे.

दर रविवारी पहाटे अप्पा हिप्परग्याच्या तळ्यावर जायचे, पण त्याची तयारी गुरुवारपासून आमच्या डोक्यावर. भिंतीला भिंत लागून असल्यामुळे त्यांच्या खलबत्त्याचा आवाज माझ्या उशाशी. भाजक्या दाण्याची पेंड कुटायची, ज्वारीचं पीठ घालायचं, चिमूट हिंग, खडा गूळ, आणि मळत बसायचं. मळताना एक हात पिठात आणि दुसरा कानाला. कानाची पाळी दाबायची, पीठ दाबायचं, पुन्हा पाळी. "वैनी, गोळी कानाच्या पाळीइतकी मऊ पायजे. त्याहून घट्ट झाली तर मासा थुंकतो, त्याहून सैल झाली तर पाण्यात इरघळती." हे सांगताना माझ्या कणकेकडे बघायचे. माझी कणीक त्यांना कायम घट्ट वाटायची.

हिंग संपला की माझ्याकडे. "वैनी, स्वल्प हिंग." स्वल्प म्हणजे त्यांच्या कानडीत थोडा. माझा डबा अर्धा व्हायचा तरी तो स्वल्पच.

तळ्यावरचे त्यांचे कायदे आम्हाला पाठ झाले होते. ज्या जागी बसायचं तिथे आधी तीन दिवस, एकाच वेळी, पेंडीचे गोळे नुसतेच टाकून यायचे, म्हणजे माशाला तिथे यायची सवय लागते. सूर्य तोंडावर घेऊन बसायचं, सावली पाण्यावर पडता कामा नये. दोर रेशमाचा, एका पद्मशाली विणकराकडून पीळ घालून आणलेला. पाण्यावर मोरपिसाचा पांढरा देठ उभा तरंगतो, त्यावर नजर. तो हलला की ओढायचं नाही. आडवा झाला तरी नाही. तिरपा चालायला लागला की मग उचलायचं. आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. कुणी खोकलं तरी अप्पा वळून म्हणणार, "सुम्मनिरी!" म्हणजे गप बसा. ही त्यांना इतकी सवय लागली होती की दुकानात गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं तरी "सुम्मनिरी!" आमच्या ह्यांना, म्हणजे कोर्टात कारकून असलेल्या माझ्या यजमानांनासुद्धा, स्वतःच्या घरात दोनदा ऐकावं लागलं.

या माणसाच्या गळाला काटा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. गळाच्या टोकाशी एक उलटा काटा असतो, रुतला की मासा सुटत नाही. अप्पांनी सगळ्या गळांचे उलटे काटे कानशीने घासून काढले होते. निम्मे मासे निसटायचे. मी हसून म्हटलं, "अप्पा, हे म्हणजे दार उघडं टाकून चोर पकडणं झालं." ते हसले नाहीत.

"अक्कानं शिकवलं," म्हणाले.

ही अक्का म्हणजे तळ्यातली एक मासोळी. तांबीर जातीची, तांबूस खवल्यांची, जाड ओठांची, हातभर लांब. पूर्वी कधीतरी ती त्यांच्या गळाला लागली होती, आणि यांनी घाई केली. देठ हलताच झटका दिला. उलटा काटा तिच्या ओठातून आरपार फाडत निघाला. ती सुटून गेली, पण वरचा ओठ कायमचा दुभंगला. त्यानंतर ती कडेला चरताना त्यांना कितीतरी वेळा दिसली. यांच्या गोळीजवळ यायची, थांबायची आणि मागे फिरायची. पेंड बदलून झाली, गूळ वाढवून झाला, हिंग कमी करून झाला. सगळं तळं यांच्या हातचं खायचं, ही एक सोडून.

"मासोळीच ती, विसरली असेल," मी म्हटलं.

"न्हाय वैनी. माझी सावली वळखती ती."

मी मनात म्हटलं, झालं, हिंग डोक्यात गेला.

त्या साली पावसानं लई ओढ दिली. लई हा शब्द मला त्यांच्यामुळेच लागला, सासूबाई रागावायच्या. पुढच्या वैशाखात हिप्परग्याचं तळं आटत आटत बांधाजवळच्या एका डोहापुरतं उरलं. सोमवारी भोई जाळी घेऊन उतरणार होते. त्यांचा तो पोटाचा धंदा, त्यात वावगं काही नाही. पण शनिवारी संध्याकाळी अप्पा आमच्या दारात उभे राहिले, तेव्हा त्यांचा चेहरा पाहून मी हातातली परडी खाली ठेवली.

"वैनी, तुमचं घंगाळ पायजे."

"कशाला?"

"अक्काला उद्याच्या उद्या काढायची. सिद्धेश्वराच्या तळ्यात नेऊन सोडतो. तितं कुणी गळ टाकत न्हाय, जाळं टाकत न्हाय. देवाचं पाणी हाय."

माझं घंगाळ! माहेरहून आलेलं, तांब्याचं, चिंचेने घासून मी आरशासारखं ठेवलेलं. त्यात मासा! सासूबाई आतून ओरडल्या, "खबरदार!" मी नाहीच म्हणणार होते. पण हा माणूस एवढी वर्षं माझ्याकडे स्वल्प हिंगाशिवाय काही मागायला आला नव्हता, आणि आता दारातून हलत नव्हता. मला राग आला आणि वाईटही वाटलं. म्हटलं, "घंगाळ एकटं जाणार नाही. घंगाळ जाईल तिथं मी जाईन."

रविवारी सकाळी टांग्यात अप्पा, हे, मी आणि घंगाळ.

डोहावर अप्पांनी सगळे कायदे पाळून गळ टाकला. एक तास, दोन तास. अक्काचा पत्ता नाही. इतर मासे लागले, ते अप्पांनी हळूच सोडले. ऊन चढलं. अप्पांच्या कपाळावरून घाम गळत होता, आणि कानाची पाळी दाबून दाबून लाल झाली होती. मला भूक लागली. मी जरा लांब, बाभळीखाली बसून शिदोरी सोडली. कालची ज्वारीची भाकरी, त्यावर दाण्याची चटणी. हात धुवायला पाण्याकडे वाकले तेव्हा भाकरीचा चुरा पाण्यात पडला, आणि खालून एक जाड, फाटका ओठ वर आला आणि तो चुरा ओढून घेऊन गेला.

मी किंचाळणार होते. पण इतक्या वर्षांचं 'सुम्मनिरी' कामाला आलं. हात हलवून अप्पांना बोलावलं.

ते आले, पण चार हातांवर थांबले. पुढे येईनात. काठी माझ्याकडे सरकवली. "तुमीच धरा."

"मी? अहो, मी सोवळ्यातली बाई!"

"मी आलो तर जाईल ती. वैनी, उद्या जाळं पडणार हाय."

ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी आभाळाकडे पाहिलं. मग मी काय करणार? पदर खोचला. शिळी भाकरी पाण्यात भिजवून मळली, आणि खरं सांगते, माझा हात आपोआप कानाकडे गेला. पाळी दाबली, भाकरी दाबली. गोळी लावून गळ सोडला.

देठ हलला. "ओढू नका," मागून कुजबुज आली. देठ आडवा झाला. "अजून न्हाय. शिव शिव म्हणा." म्हटलं. देठ तिरपा चालू लागला. "आता, हळू!"

काठी माझ्या हातात अशी वाकली की खांदा निखळतो की काय वाटलं. हे धावत आले, दोघांनी धरली. दोर सैल पडू द्यायचा नाही, एवढंच मागून ऐकू येत होतं. काटा नसलेला गळ, जरा ढिलाई झाली असती तर गेलीच होती. शेवटी अक्का काठाशी आली, तेव्हा अप्पा पाण्यात उतरले, दोन्ही हात ओले केले आणि तिला उचलून माझ्या घंगाळात ठेवली. गळ बोटाने अलगद सुटला. मग त्या फाटक्या ओठाला त्यांनी बोट लावलं आणि म्हणाले, "तप्पायतु, अक्का." मला तेवढी कानडी येत होती. चुकलं, म्हणत होते.

परतताना टांगेवाल्याने विचारलं, "अप्पा, घंगाल में क्या है जी?"

"पाव्हणी हाय," अप्पा म्हणाले. "हळू हाण."

पाहुणी देवाच्या तळ्यात गेली. घंगाळ मी सात वेळा घासलं, आणि तरी सासूबाईंनी वर्षभर त्यातल्या पाण्याने अंघोळ केली नाही.

त्यानंतर पाऊस झाला, हिप्परग्याचं तळं पुन्हा भरलं, पण अप्पांनी काठी माळ्यावरून काढली नाही. मला वाटलं, वेड उतरलं. पण खलबत्ता काही थांबला नव्हता, उलट आता रोज वाजायचा.

एका सोमवारी मी सिद्धेश्वराला गेले, तर तळ्याच्या पायऱ्यांवर, मागे एका खांबाआड, अप्पा बसलेले. मांडीवर दोन पुरचुंड्या. एक मला दिली. आत गोळ्या.

"टाका की, वैनी. तिला."

"तुम्हीच टाका. आता कुठं गळ आहे?"

"मी पुढं गेलो तर सावली पडंल. मला बघून तळाला गेली तर उपाशी राहील. हितं सुखानं हाय, राहू दे." मग म्हणाले, "रोज कुणी ना कुणी भेटतंय. देतात टाकून."

मी पुरचुंडी सोडली. पायऱ्या उतरून गोळ्या टाकल्या. माशांची झुंबड उडाली. फाटका ओठ वर आला, गोळी घेतली. "आली!" मी ओरडले. खांबाआडून आवाज आला, "खाल्लं?" "खाल्लं!" तेव्हा अप्पांनी दुसरी पुरचुंडी सोडली. तीत त्यांची स्वतःची भाकरी होती. अक्काने खाल्ल्याशिवाय अप्पा जेवत नव्हते.

पुढे कितीतरी सोमवार मी तिच्यापुढे गोळ्या टाकल्या. आणि मग एक सोमवार असा आला की सगळे मासे आले, ती आली नाही. मी पायरीवर उभी राहिले. गोळ्या संपल्या. ऊन डोक्यावर आलं. पाण्यात खूप खोल पाहिलं.

"वैनी," खांबाआडून आवाज आला, "खाल्लं?"

माझ्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी मागे वळले नाही.

"खाल्लं की, अप्पा," मी म्हटलं. "जेवा आता."