कुंपणाला हात लावायचा नाही

"यंदा कुंपणाला मी बोटसुद्धा लावणार नाही," ऑर्व्हल कुबिचेकने गावच्या कॅफेत छाती फुगवून जाहीर केलं.

पूर ओसरला होता. नदीकाठचं त्याचं कुंपण आडवं झालं होतं, फाटक तर पार वाहून गेलं होतं. सरकार मदत देणार होतं, पण तपासनीस नुकसान स्वतः बघेपर्यंत दुरुस्ती करायची नाही, अशी अट होती. असली सरकारी कामं आजवर त्याची बायको लोर्ना बघायची. ती हिवाळ्यात गेली. तिच्या तांबड्या गाई सध्या शेजारच्या मर्लच्या कुरणात होत्या आणि मर्लला कुरण लवकरच रिकामं हवं होतं. सरकारी पैशातून कुंपण उभं राहिलं नाही तर गाई थेट लिलावात जाणार होत्या. म्हणून ऑर्व्हलने नियम अगदी जिवापाड पाळला. रोज कॉफी घेऊन व्हरांड्यात बसायचा आणि पडलेल्या कुंपणाकडे बघत राहायचा.

रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटलं, गडी खचला.

चर्चमधल्या आर्लिसबाई नूडल्सचं भांडं घेऊन आल्या.

"ऑर्व्हल, कुंपणाचं काय करणार आहेस?"

"काही नाही. मला ते तसंच हवंय."

बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. मग घरोघरून अशी भांडी आली की फ्रीजमध्ये दूध ठेवायला जागा उरली नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी तो केस कापायला गेला. लोर्नाने त्याला त्या अवतारात सरकारसमोर उभंच राहू दिलं नसतं. परत येऊन बघतो तर त्याच्या कुरणाभोवती अर्धं चर्च सँडविचची ताटं घेऊन गोळा झालेलं. नवे खांब, नवी तार, टिचकी मारली तर वाजेल अशी ताणलेली.

"जुनी तार भंगारात दिली," मर्ल पक्कड नाचवत म्हणाला. "आता बोल!"

खांबाला धरून ऑर्व्हल खाली बसला. डोळे भरून आले.

"रडू दे त्याला," आर्लिसबाई म्हणाल्या. "मोकळा होतोय."

"अहो, आज तपासनीस येणार आहे! तिला दाखवू काय, तुमची सँडविचेस?" ऑर्व्हल ओरडला.

सगळ्यांनी कुंपणाकडे बघितलं.

"परत पाडू का?" मर्लने विचारलं.

तेवढ्यात कुंपणाच्या आतून हाक आली. "ऐकता का, इथून बाहेर कसं पडायचं?"

चिखलाने माखलेली एक तरुणी गाडीपाशी उभी होती. तपासनीसबाई लवकर येऊन, मोकळ्या जागेतून गाडी आत घालून थेट नदीपर्यंत गेल्या होत्या. मागे चर्चने कुंपण पूर्ण केलं होतं. फाटकाची आठवण कुणालाच झाली नव्हती.

"मर्ल, तुला गाडी दिसली नाही?" ऑर्व्हलने विचारलं.

"दिसली की. वाटलं, कुणी मदतीला आलंय."

"कुंपण उभं आहे, त्याची मदत मिळणार नाही," बाई म्हणाल्या. "पण शेतातली वाळू आणि ओंडके मी पाहिलेत. ते उचलायला मदत मिळेल."

ऑर्व्हल कुंपणाकडे बघत राहिला. कुंपण उभं होतं. म्हणजे गाई घरी येणार होत्या. हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

त्याने मर्लच्या हातातली पक्कड घेतली आणि गाडीपुरती नवीकोरी तार स्वतःच्या हाताने कापली.

"मॅडम, एवढं तरी नुकसानीत धरा."

"हे पुराने कुठे झालंय? पूर तर ओसरला."

ऑर्व्हलने मागे बघितलं. आर्लिसबाई सँडविचचं ताट घेऊन निघाल्या होत्या आणि त्यांच्या मागून सगळं चर्च येत होतं.

"हा काय," तो म्हणाला, "अजून ओसरलेला नाही."