गुरुजींचा गोड आवाज

मच्छिंद्र गुरुजींना गोड बोलता येत नव्हतं आणि पाथर्डीकडच्या त्या गावात त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं ते वसतिगृहात सांभाळत. दर रविवारी एकेका आईबापाला फोन लावून "पोरगी जेवली, अभ्यास करत न्हाई, तुमी तिकडं बिड्या कमी फुका" असं खेकसत आणि फोन ठेवून देत.

पण वसतिगृह चालायचं पुण्याच्या एका संस्थेच्या मदतीवर, आणि तिथल्या रोहिणी मॅडमना गुरुजींचा वेळ वाचवायचा होता. "एआयला तुमचा आवाज दिलाय, गुरुजी. रविवारचे फोन आता तेच करेल. आणि जरा सौम्य बोलेल. पालकांचा मान नको का राखायला?"

गुरुजींना पटलं नव्हतं. पण मदत थांबली तर वसतिगृहाला कुलूप आणि पोरं आईबापामागं उसाच्या फडात. त्यांनी मान डोलावली.

रविवारी श्रीगोंद्याकडच्या फडावर भीमाबाईचा फोन वाजला. "नमस्कार, ताई. आपली कन्या रेश्मा सुखरूप आहे. आपण मुळीच काळजी करू नका."

भीमाबाईची भाकरी तव्यावर करपली. त्यांच्याकडे माणूस गेल्याचं कुणी फोनवर सांगत नाही. सगळं ठीक हाय, काळजी करू नका, असंच सांगतात आणि ऐकणारा चप्पल न घालता निघतो. त्यात गुरुजी चक्क 'ताई' म्हणाले होते.

"आवो, रेश्मीचं कायतरी झालं," ती नवऱ्याला म्हणाली. अजिनाथने घाबरून फोन उलटा लावला, तर तिकडूनही एआयच बोललं, "सगळं उत्तम आहे, दादा. आपण शांत राहा."

अजिनाथ टेम्पो ठरवायला पळाला. तोवर शेजारच्या पाचटाच्या कोप्यांतूनही रडणं ऐकू यायला लागलं होतं, कारण फोन सगळ्यांनाच आला होता.

सकाळी वसतिगृहासमोर टेम्पो थांबला. दात घासणाऱ्या रेश्माला भीमाबाईने कवटाळलं. पोरगी धडधाकट आहे हे दिसूनही तिचं रडणं थांबेना. फोन गुरुजींनी केलाच नव्हता, हे कुणाला पटेना.

"आवाज तुमचाच हुता," अजिनाथ म्हणाला. "नगं गुरुजी. पोरीला आमी संगं नेतो. डोळ्यापुढं तरी राहील."

बाकीचेही पोरांच्या पेट्या टेम्पोत चढवू लागले. पाहणीला आलेल्या रोहिणी मॅडम हात जोडून पुढे झाल्या. "दादा, तुम्ही मुळीच काळजी करू नका."

हे ऐकल्यावर पेट्या आणखी भराभर चढू लागल्या.

 गुरुजींचं इतक्या वर्षांचं वसतिगृह डोळ्यांदेखत रिकामं होत होतं. मग मॅडमचा, मदतीचा, सगळ्याचा विसर पडून ते गरजले, "अज्या, खाली ठेव ती पेटी. उद्या पोरीचा गणिताचा पेपर हाय आन तू तिला मोळ्या बांधाया न्हेतो? अक्कल काय फडात इसरून आला का? व्हा माघारी समदे."

भीमाबाईने डोळे पुसले. "हां," ती म्हणाली. "आता कसं बरं वाटलं."

पेट्या उतरल्या. मॅडमही शहाण्या झाल्या. त्यांनी गुरुजींकडून तसाच एक दणदणीत ओरडा रेकॉर्ड करून घेतला आणि एआयला शिकवला. पुढचे काही रविवार सुखात गेले.

मग एका सकाळी टेम्पो पुन्हा दारात. भीमाबाईने उतरून गुरुजींना खालीवर न्याहाळलं आणि हळूच त्यांच्या दंडाला बोट लावून पाहिलं.

"जित्तं हायती," तिने मागे वळून सांगितलं.

"मला काय धाड भरलीया?"

"दर रयवारी तेच वरडताय, गुरुजी. एक शिवी इकडची तिकडं न्हाई. आमाला वाटलं तुमी गेला, आन त्या पुण्याच्या बाईंनी मागं टेप लावून ठिवली."

अजिनाथने हातातला हार पाठीमागे लपवला. गुरुजींना तो दिसलाच. एवढ्या लांबून आलात, असं काहीतरी त्यांना म्हणावंसं वाटलं. पण आता गोड बोलायची सोय राहिली नव्हती.

"च्या घ्या," ते खेकसले, "आन व्हा माघारी."