जठरगडच्या कर्काची व मोहोरबंद हुकुमाची हकीगत

श्रीजठराग्नी प्रसन्न असो. हुजुरांची आज्ञा जाहली की, जठरगडी कर्क कैसा उपजला आणि यकृतप्रांती कैसा पसरला ते लिहून पाठविणे. त्यावरून जे उमगले ते, आणि जे अद्याप उमगले नाही तेही, लिहिले असे.

शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरे, जठरगडी चिंतोपंत दफ्तरदार होते. या राज्याची रीत ऐसी की, थोरल्या महाराजांचे सगळे हुकूम, ज्यांस जनुक म्हणत, त्यांच्या नकला प्रत्येक किल्ल्यात असत. आणि वाचकाने त्यांतले आपल्या किल्ल्यापुरते तेवढेच रोज सकाळी तटावर मोठ्याने वाचावे, बाकीचे रुमालात बांधून ठेवावे, आणि वाचनाचे वेळी दफ्तरदाराने दफ्तर सोडून तटावर जाऊ नये. जठरगडी मुख्य हुकूम हाच की, "शेजाऱ्याचा हात सोडू नये." तो ऐकून शिपाई हात धरून उभे राहात आणि तट शाबूत राहे.

मग नवल वर्तले. शिपाई हात सोडून भलतीकडे सरकू लागले, आणि किती एक रक्तनदीच्या वाटेने निघून गेले, आणि लोक त्यांस कर्क म्हणो लागले. पंतांची मती गुंग जाहली. शत्रू म्हणावा तर बाहेरून कोणी आला नाही. माणसे आपली, पोशाख आपला. मग हुकुमात कोणी खाडाखोड केली ऐसे मनी धरून पंतांनी आठ दिवस अक्षर अन् अक्षर ताडून पाहिले, तो कानामात्राही ढळली नव्हती. नदीच्या वाटेवर यकृतप्रांती पंतांची लेक सगुणा नांदत होती, ती भ्याली होती. तिजला पंतांनी लिहिले की, "कागद शुद्ध आहे, घोर करू नये. आमचे लोक आले तर आपलेच समजावे."

पत्र गेले, आणि मग पंतांनी तटावरील भिवाजी नाईकास पुसिले, "नाईक, हुकूम धडधडीत असता हात का सोडिला?"

नाईक म्हणाले, "कोणता हुकूम, पंत? दोन वर्षे कानी पडला नाही."

पंत चक्रावले आणि वाचक धोंडभटांस बोलाविले. भट म्हणाले, "त्या रुमालावर लाखेची मोहोर बसली आहे. कोणी लाविली ठाऊक नाही. मी उघडे असेल ते वाचितो."

"मग वाचिता तरी काय?"

"राज्य वसविते वेळचा हुकूम. जागा सोडावी, पुढे सरकावे, नवा मुलूख बसवावा."

तोही हुकूम खराच, महाराजांचाच; परंतु राज्य वसून जमाना लोटला होता. मग मोहोर फोडली आणि पंतांनी स्वतः तटावर उभे राहून हुकूम वाचिला, आणि जे ऐकण्याजोगे उरले होते त्यांतल्या काहींनी हात धरिले. त्याच दिवशी सगुणेचा जासूद आला. पत्री लिहिले होते की, "तीर्थरूप बाबांचे सेवेसी. आपल्या पत्राप्रमाणे आपल्या गडचे लोक आले, त्यांस दरवाजा उघडिला, राहावयास जागा दिली. आता ते रोज वाढतात आणि आम्हांस सरका म्हणतात. बाबा, आम्ही कोठे सरकावे?"

पंतांनी पत्र तीन वेळा वाचिले.

सारांश, कागद शुद्ध होता, माणसे आपली होती, दोन्ही हुकूम खरे होते, तरी यकृतप्रांत गेला. मोहोर कोणी लाविली याचा शोध चालू आहे. पंत आता रोज सकाळी दफ्तर सोडून तटावर ऐकत उभे राहतात. सेवकास कळले ते इतके.