आबुंदियो मास्तर आणि सुटलेली पट्टी

नियेवेसच्या दुकानातल्या व्हिडिओ गेमच्या जुन्या मशीनच्या लाकडी खोक्याची कडेची रबरी पट्टी सुटून लोंबत होती. त्या दिवशी तिच्यात एका म्हाताऱ्या बाईंची शाल अडकली आणि टरकन उसवली. नियेवेसने भट्टीतले दोन गरम पास्ते, म्हणजे बटाटा-खिम्याच्या करंज्या, हातावर ठेवून त्यांची समजूत काढली आणि ती चिकटपट्टी शोधायला लागली. नेमके तेव्हाच आबुंदियो मास्तर दुकानात आले.

मास्तरांनी मेक्सिकोतल्या या पाचुका शहरातल्या शाळेत बत्तीस वर्षं सुतारकाम शिकवलं होतं. नियेवेसही त्यांच्याच हाताखाली रंधा धरायला शिकलेली. "लाकडाला चिकटपट्टी? माझ्यादेखत?" एवढंच बोलून ते हत्यारं आणायला घरी गेले. खरं तर या मशीनशी त्यांचं जुनं वैर होतं. नोकरीत असताना ते दर दुपारी या दुकानावर धाड घालत आणि तास बुडवून खेळणाऱ्या पोरांना कान धरून शाळेत नेत. पण लाकूड ते लाकूड.

काम तसं किरकोळ. पट्टीच्या पाठीला माशाच्या काट्यासारखा दातेरी कणा असतो, तो फळीच्या कडेतल्या खाचेत बसवायचा. इथे खाच रुंद झाली होती. अशा वेळी थोडा गोंद घालून पट्टी हलक्या हाताने ठोकायची आणि वाळेपर्यंत चिकटपट्टीने बांधून ठेवायची, ही रीत. पण चिकटपट्टीला तर मास्तर नाही म्हणून बसले होते. तेव्हा त्यांनी गोंद सढळ हाताने घातला, पट्टी ठोकली, आणि ती दाबून धरायला आपली मांडीच कडेला लावून मशीनसमोर उभे राहिले. चांगला अर्धा तास.

पट्टी झकास बसली. मास्तरांनी समाधानाने पाय मागे घेतला. पाय आला नाही. खाचेतून ओघळलेल्या गोंदाने त्यांची विजार गुडघ्यापासून वर वीतभर धरून ठेवली होती.

नियेवेस आत भट्टीपाशी होती, हाक मारली असती तर आली असती. पण 'गोंद थेंबाने घ्यायचा, पळीने नाही' हे जिला वर्षभर बजावलं, तिला काय सांगून बोलवायचं? या विचारात ते असतानाच दुपारची ताजी खेप बाहेर आली आणि दुकान गिऱ्हाइकांनी भरून गेलं. नुसतंच उभं कसं राहायचं, म्हणून मास्तरांनी खिशातलं नाणं मशीनमध्ये टाकलं आणि दांडा हातात धरला. पडद्यावरचं त्यांचं विमान उडालं आणि लगेच पडलं.

"मास्तर? तुम्ही? आणि इथे?"

मागे तोबियास उभा होता. आता पन्नाशीला आलेला, प्रवाशांची व्हॅन चालवणारा, आणि एके काळी या मशीनचा नुसता वारकरी नव्हे, पुजारीच. मशीन तपासतोय, असं मास्तर पुटपुटले. त्यांचं दुसरं विमानही पडलं. तोबियासला ते बघवेना. जरा बाजूला व्हा, मी दाखवतो, असं तो अदबीने म्हणाला. मास्तर नाही म्हणाले. त्याने पुन्हा विचारलं, मास्तर पुन्हा नाही म्हणाले, आणि तिसरं नाणं टाकलं.

तोबियास रांगेकडे वळला. "बघा. तेव्हाही खेळू दिलं नाही, आताही देत नाहीत."

सगळं दुकान हसलं. त्यातले निम्मे तरी मास्तरांनी कधी ना कधी इथून ओढून नेलेले होते. मास्तरांचे कान तापले. विमानं पडत राहिली आणि नाणी संपली. शेवटी त्यांनी मान न वळवता खालच्या आवाजात म्हटलं, "तोबियास, मी चिकटलोय रे."

तोबियासने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सगळ्यांचं असंच होतं, मास्तर. एकदा चिकटलं की सुटत नाही."

"तसं नाही. गोंदाने."

तोबियास खाली वाकला, बघितलं, आणि पुन्हा उभा राहिला. तो हसला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. पण त्याने गुपचूप आपलं जाकीट काढून त्यांच्यामागे आडोशाला धरलं, मशीन बिघडलंय असं रांगेला सांगितलं आणि नियेवेसकडे कात्री मागितली. नियेवेसनेही काही विचारलं नाही. खाली बसून तिने विजारीचा तेवढा तुकडा जपून कापला आणि मास्तरांच्या कमरेला आपला पिठाने माखलेला एप्रन बांधला. त्या दोघांच्या समंजसपणाने मास्तरांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

पाचुकाच्या सोसाट्याच्या वाऱ्यात एप्रनचा काही भरवसा नव्हता, म्हणून तोबियास त्यांना व्हॅनमधून घरी सोडायला निघाला. मास्तर पुढच्या सीटवर एप्रन दोन्ही हातांनी धरून बसले होते. ते म्हणाले, की मी पोरांशी फार कडक वागलो, ते बरं नव्हतं.

जाऊ द्या हो, असं तोबियास म्हणाला. थोडं अंतर गेल्यावर तो स्वतःशीच हसला.

"ती पट्टी कशी सुटली, माहितीय तुम्हाला? तुम्ही मला ओढत होता ना, तेव्हा मी मशीनची कड धरली होती, दोन्ही हातांनी. तुम्ही काही कान सोडला नाहीत, मी काही पट्टी सोडली नाही. शेवटी खाचच फाकली. तेव्हा दुकान चालवणारी नियेवेसची आई जन्मभर ती पट्टी अंगठ्याने आत दाबत राहिली, पण तुमचं नाव तिने कुणाला सांगितलं नाही."

दोन चौक मागे पडले. मग मास्तरांनी विचारलं, "कुठला कान होता रे?"

"हाच. तुमच्या बाजूचा."

त्या कानाकडे न बघता मास्तर घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.