पंधरा-चाळीसची टकटक

“सोलापुरात दोन गोष्टी कधी चुकत नाहीत. एक ऊन, दुसरा मी,” अशी आपली ओळख खासगी गुप्तहेर मानसिंगराव स्वतःच करून देतात. मी मंजुनाथ, त्यांचा सहायक. आधी एका दैनिकात बातम्या तपासायचो. जुन्या सवयीने एवढंच नोंदवतो की ऊन खरंच कधी चुकत नाही.

त्या दुपारी आम्ही कुमठा नाक्याजवळ खाजाभाईंच्या अंगणात उभे होतो. समोर त्यांचा जुना ट्रक होता. उजनीकाठची केळी वर्षानुवर्षं याच ट्रकने बाजारात आणली. पण आता इंजिनातून टकटक येत होती. इंजिन संपलं, असं ठरवून मुलगा तौसिफने भंगारवाल्या सिद्धप्पाला संध्याकाळी बोलावलं होतं. तोवर आवाजाचं कारण सापडलं नाही, तर ट्रक तोडायला जाणार होता.

“ही गाडी गेली तर मी घरी बसून काय करू?” खाजाभाई म्हणाले. “चटणी कुटू?”

“कशानं कुटता?” दारातून त्यांच्या पत्नी शमशादभाभी म्हणाल्या. “बत्ता घावंना झालाय. ओ सायेब, आधी माझा बत्ता शोधा की. मिक्सरमधल्या शेंगाचटणीला तेलच सुटत न्हाय. भुसा खाल्ल्यासारखं लागतंय.”

“घरगुती वस्तूंचा तपास आम्ही घेत नाही, भाभी.”

“मग काय घेता?”

“गंभीर प्रकरणं,” मानसिंगराव म्हणाले. “आणि चहा.”

भाभी आत गेल्या. साहेबांनी भिंग काढलं.

“खाजाभाई, आवाज कधीपासून?”

“पंधरा-चाळीसपासनं.”

साहेबांनी माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. “रेल्वेचं घड्याळ. पंधरा-चाळीस म्हणजे दुपारचे तीन चाळीस. त्या वेळी तुम्ही कुठे होता?”

“झोपलो असंन.”

“आणि ट्रक?”

“ती बी उभीच की.”

“साक्षीदार?”

“शमशाद. पर ती मला उठवत न्हाय.”

“तुम्ही केळी घेऊन केमवरून येता. केमला स्टेशन आहे. तीन चाळीसला मालगाडी धडधडत जाते, तुमचं इंजिन हादरतं, आतलं काहीतरी निसटतं. मंजुनाथ, केमच्या स्टेशनमास्तरांना गाठायला हवं.”

“सायेब,” खाजाभाई म्हणाले, “पंधरा-चाळीस तेल हाय. इंजिनाचं. आदी वीस-पन्नास टाकत हुतो.”

“म्हणजे आधी रात्रीचे आठ पन्नास होते,” मानसिंगराव शांतपणे म्हणाले. “वेळ अलीकडे सरकली आहे.”

तौसिफने मला बाजूला नेलं. “ह्येंची फी आगाऊ दिली नाही ना अब्बांनी?”

तेलाचा उलगडा तौसिफनेच केला. वीस-पन्नास दाट, पंधरा-चाळीस त्याहून पातळ. जुन्या इंजिनाला दाट तेल बरं, असं खाजाभाईंचं मत. गाडीसोबतच्या पुस्तकात पंधरा-चाळीसच लिहिलंय, असं दुकानदाराचं. या वेळी दुकानदाराचं ऐकून खाजाभाईंनी स्वतःच अंगणात तेल बदललं आणि त्याच दिवशी टकटक सुरू झाली.

“मग गुन्हेगार तेलच,” साहेब म्हणाले.

“तेलाचा आवाज इंजिन थंड असताना एक आणि तापल्यावर दुसरा येतो,” तौसिफ म्हणाला. “ह्यो दोन्ही टायमाला सारखाच हाय. बेअरिंगच गेलं असणार.”

“मला ऐकू दे,” साहेब म्हणाले. मिस्त्री लोक स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ऐकतात. साहेबांनी टोक कानाला लावलं. बराच वेळ ऐकल्यावर त्यांनी सांगितलं की इंजिनाला गुदगुल्या होतायत. हसत मात्र आमच्यात फक्त तौसिफ होता.

मग त्यांनी बॉनेटखाली डोकं घातलं. इंजिनाशेजारच्या लोखंडी पट्टीवर एक काळा, तेलकट, गोल बुडाचा दांडा होता. साहेबांनी त्यावर भिंग धरलं.

“बघ मंजुनाथ, मूळ कंपनीचा भाग. असं ओतीवकाम आता मिळायचं नाही.”

मी मान डोलावली. ट्रकमधलं मलाही काही कळत नाही.

ऊन उतरलं तसा सिद्धप्पा टेम्पो घेऊन आला. त्याने दोन्ही हात कमरेवर ठेवून ट्रकला एक फेरी मारली. “बॉनेट उघडंच हाय का?” म्हणत त्यावर थाप मारली. खाजाभाई नळाशी जाऊन उगाचच हात धुऊ लागले.

तेवढ्यात शमशादभाभी चहा घेऊन आल्या. त्यांनी ट्रे बॉनेटच्या कडेला टेकवला, आत वाकून पाहिलं आणि तसाच हात घालून तो मूळ कंपनीचा भाग उचलला.

“अवो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “ह्यो बत्ता हितं काय करालाय?”

खाजाभाईंचे हात नळाखालीच राहिले. “तेल सोडायचा नट हलंना झालता,” ते हळूच म्हणाले. “हाताला घावलं त्यानं ठोकला.”

“आन् ठेवला कुटं?”

याचं उत्तर सगळ्यांच्या समोर होतं.

तौसिफने चावी फिरवली. इंजिन घरघरलं, आणि टकटक न करता नुसतंच घरघरत राहिलं. खाजाभाई ओल्या हातानेच बॉनेट धरून उभे राहिले. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

“अब्बा, केळीवाल्यांना फोन करू?” तौसिफने विचारलं.

“कर की.”

“मी म्हटलंच होतं,” मानसिंगरावांनी चहाचा घोट घेतला, “असा भाग दुसरीकडे मिळायचा नाही.”

“माझ्या अम्मीनं दिलता,” भाभी म्हणाल्या, आणि बत्ता राखेने घासायला बसल्या.

सिद्धप्पा कुरकुरला. एवढ्या लांब रिकामा टेम्पो आणला, आता रिकामाच न्यायचा का?

“थांबा भाऊ, रिकामं कशाला जाता,” भाभी म्हणाल्या आणि आतून मिक्सर आणून त्याच्या टेम्पोत ठेवला.