भाषांची सोयरीक

जगातल्या यच्चयावत भाषा एकाच आफ्रिकन आईच्या लेकी आहेत, हे मी २००९ साली गोंदियाकडच्या सालेकशात, भावाच्या ओसरीवर बसून ठणकावून सिद्ध केलं. पाऊण तासात लेखी मागेही घेतलं!

पुतणी ओमेश्वरीला बघायला पाहुणे आले होते. पोरीला टिकेश पसंत होता, टिकेशला पोरगी. अडलं होतं ते त्याच्या आजोबांच्या, नंदलालजींच्या होकारावर. पोहे यायला उशीर, ओसरीवर शांतता, आणि मी नुकतंच एक जाडजूड पुस्तक वाचलेलं! राहवतं का?

"नंदलालजी, आफ्रिकेत हजारावर भाषा! त्यांची मोठी घराणी चार. काही विद्वान म्हणतात, त्यातली नायजर-काँगो आणि नायलो-सहारन मुळात सख्खीच. असं मागं मागं गेलं की आपली पोवारी, शेजारची गोंडी, सगळ्यांची आई एक. माणूसही तिथूनच निघाला!"

"म्हंजे आपुन पोवार माळव्यातून नाई आलो?"

"त्याच्याआधी आफ्रिकेतून!"

"तुमचे बिसेन बी?"

"अर्थात!"

"अन् आमी रहांगडाले?"

"एकाच आईचे!" मी टाळीसाठी हात पुढे केला.

टाळी आली नाही. नंदलालजींनी टोपी घातली. आम्हा पोवारांत कुळाला कूर म्हणतात, आणि एका कुरात लग्न म्हणजे बहीणभावाचं लग्न!

"चला रे! कूर एकच निंगालं. हे सोयरीक होत नाई."

टिकेशचं तोंड अवकाळीत भिजलेल्या तेंदूपानांच्या पुड्यासारखं झालं. दाराआडून ओमेश्वरी फणकारली, "काका, काऊन बोलून राहिले होते जी? आता तुमीच निस्तरा!"

मी फाटकात आडवा झालो. "थांबा! इतकं जुनं नातं कुणालाच सिद्ध करता येत नाही. विद्वान अजून भांडून राहिलेत!"

"भांडून राहिले? मंग भाऊबंदच असतीन!"

"नाही जी! साधी ओळखसुद्धा नाही!"

"लिहून द्या."

दिलं! 'नायजर-काँगोचं नायलो-सहारनशी, पोवारीचं गोंडीशी आणि बिसेनांचं रहांगडाल्यांशी कसलंही नातं सिद्ध झालेलं नाही.' खाली सही, तारीख. नंदलालजींनी कागद दोनदा वाचला, घडी करून बंडीच्या खिशात घातला आणि पोहे मागवले. सोयरीक पक्की! जगभरच्या भाषा पोरक्या झाल्या, पण पोरगी हसली.

पाहुणे गेल्यावर प्रेमिला वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, एक मागू? लग्नाच्या दिवशी तेवढं गोंदियाले जाऊन याल?"

"जातो की! काय आणायचं?"

"काईच नाई जी. शेवटच्या गाडीनं आले तरी चालते."